"मी बसलो" म्हणणारी बाई : निवेदन बोलीत लिहावं का?

काकवी

गोष्ट परत आली. नाकारली नाही, "दुरुस्त करून पाठवा" म्हणून आली आहे, आणि दुरुस्त्याही लाल पेनानं करून दिल्या आहेत. कुठल्या दिवाळी अंकाकडून ते सांगत नाही, कारण चूक त्यांची की माझी हेच अजून ठरलेलं नाही. म्हणून हा धागा.

गोष्ट गुऱ्हाळावरची आहे. माझं लहानपण कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातल्या गावात काईल (उसाचा रस उकळायची मोठी कढई) आणि चुलवाणाभोवतीच (तिच्याखालची चूल) गेलं. गोष्ट सांगणारी बाई गुळव्याची, म्हणजे गूळ करणाऱ्याची, मुलगी. बाप गेल्यावरच्या पहिल्या हंगामात दुसरा गुळव्या मिळत नाही आणि पाकाची गोळी धरते का बघून आदण, म्हणजे काईलीतला शिजलेला रस, उतरवायची वेळ तिच्यावर येते, एवढंच. सुरुवात अशी होती:

"आबा गेला त्या साली गुळव्या मिळंना. काईल रटरटाय लागली तसं समद्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी चुलवाणाजवळ जाऊन बसलो. वाटीत पाणी घेतलं, पाकाचा थेंब सोडला. गोळी धरंना. 'थांबा अजून' म्हटलो. कुणी हाललं न्हाई."

ती अशी होऊन आली:

"वडील वारले त्या वर्षी गूळ तयार करणारा कारागीर मिळाला नाही. काहिलीतील रस उकळू लागला तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी चुलीजवळ जाऊन बसले. वाटीत पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब सोडला. गोळी झाली नाही. 'अजून थांबा,' मी म्हणाले. कोणीही हालले नाही."

समासात टीप: संवाद बोलीत ठेवा, निवेदन प्रमाण भाषेत करा. आणि "बसलो", "म्हटलो" ह्या दोन शब्दांभोवती गोल करून: "लिंगाची चूक. मुद्रणदोष?"

मुद्रणदोष! कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही विचारा. माझी आई, आत्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्या "मी जातो", "मी आलो", "मी अजून जेवलो न्हाई" असंच बोलतात. पुण्यात हॉस्टेलवर गेले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मुलींनी ह्यावरून मला इतकं हसून घेतलं की पुढची तीन वर्षं मी "जाते-येते" केलं. सुट्टीला येताना एसटीनं किणीचा टोलनाका ओलांडला की परत "आलो".

हट्ट धरावा की दुरुस्त करून द्यावं? आणि आपल्याकडच्या लेखकांनी हे कसं निभावलं, हेही कुणी नीट सांगा. मी वाचलंय, पण लिहिणाऱ्याच्या नजरेनं नाही वाचलेलं.

टिकटीवरला

ताई, हट्ट धर. "गूळ तयार करणारा कारागीर" वाचून गुऱ्हाळ नाही, फर्निचरचं दुकान डोळ्यासमोर आलं. आणि "आबा गेला" म्हणणारी पोरगी काईलीसमोर उभी आहे. "वडील वारले" म्हणणारी तलाठ्याकडं वारसाचा अर्ज लिहालीय.

नाद खुळा लिहिलंयस. एक अक्षर बदलू नको.

दोन_ओळी

मी पुण्याचा, त्यामुळे आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. तरी बोलतो. दोन-तीन वर्षं दिवाळी अंकांच्या संपादनात मदत केली आहे (हा अंक त्यातला नव्हे).

संपादकांनी "मुद्रणदोष" पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहे, ते तुम्ही रागात वाचलेलं दिसत नाही. त्यांना खरंच माहीत नाही, आणि ते विचारताहेत. तो अंक जळगावातही जातो, नागपुरातही. तिथला वाचक तिसऱ्या वाक्यात "बसलो" वाचतो आणि निवेदक पुरुष आहे असं धरून पुढे जातो. दुसऱ्या पानावर कळतं की ही मुलगी आहे. मग तो मागे येतो, आधीचं सगळं पुन्हा लावून बघतो. गोष्टीतून असा एकदा बाहेर पडलेला वाचक परत तेवढ्याच भरवशाने आत येत नाही.

दुसरं, बोलीच्या नावाखाली आमच्याकडे जे येतं ते बघाल तर तुम्हीही लाल पेन उचलाल. एकाच पानावर "न्हाई", "न्हाय", "नाय" आणि "नाही". दर चार शब्दांनी एक शब्द वाकडा केला की ग्रामीण कथा झाली असा समज आहे. वाचक अडखळतो आणि लेखकाला वाटतं, अस्सलपणा पोचला.

आणि तुमच्याच गावातलं उदाहरण देतो. वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून कोल्हापुरात आले आणि नंतरचं सगळं लेखन तिथेच केलं. १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं, तेही ह्याच माणसाला. त्यांच्या भाषेत कोल्हापूर शोधून दाखवा.

टिकटीवरला

खांडेकर सांगलीत जन्मले. पुढं बोला.

दोन_ओळी

बरं झालं, सांगलीत कुणी प्रमाण बोलत नाही हे कळलं.

निवृत्त_मास्तर

भांडण नंतर करा. काकवीबाई, तुमचा उतारा आणि त्यांची दुरुस्ती, दोन्ही दोनदा वाचली. संपादकांचं एक चुकलंय आणि तुमचंही एक चुकलंय.

आधी त्यांचं. निवेदन प्रमाणात आणि संवाद बोलीत, हा काही नियम नव्हे. ती एक सोय आहे, आणि ती कुठून आली ते बघण्यासारखं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. सांगणारा कोण? एक तरुण मास्तर, नोकरीसाठी बाहेरून त्या वाडीत आलेला. त्याची भाषा शाळेची, वाडीची भाषा धनगरांची. ह्या दोन भाषांमधलं अंतर तो हळूहळू चालून जातो, कादंबरी म्हणजे तेच चालणं. तिथं निवेदन प्रमाणात आहे कारण ती सांगणाऱ्याची स्वतःची भाषा आहे. पुढं कित्येकांनी गोष्टीतून मास्तर काढून टाकला आणि मास्तरची भाषा तेवढी ठेवून घेतली. मग सांगतंय कोण? कुणीच नाही. आभाळातून कोणीतरी शुद्ध मराठीत बोलतंय आणि खाली माणसं "आरं, कारं" करताहेत.

कागलच्या आनंद यादवांनी १९७१ साली 'गोतावळा'त ही बैठकच मोडली. सांगतो तो नारबा, शेतावरचा गडी, आणि सांगतो तो सबंध त्याच्या बोलीत. कारण बैल, म्हसरं, कोंबड्या, झाडं हाच त्याचा गोतावळा, आणि ट्रॅक्टर आल्यावर तो एकेक करून सुटत जातो. हे जर वरून कुणी प्रमाण मराठीत सांगितलं असतं तर यांत्रिक शेतीवरचा निबंध झाला असता. आणि गंमत बघा, त्याच यादवांनी 'झोंबी'त (१९८७) निवेदन पुष्कळ प्रमाणाकडं आणलं. तिथं सांगणारा शिकून बाहेर पडलेला, मागं वळून बघणारा माणूस आहे. लेखक एक, गाव एक, पण तोंड निराळं म्हणून भाषा निराळी.

राहिले खांडेकर. 'ययाति'त सांगणारे तीन आहेत: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. शिवाजी सावंत आमच्या कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला शिक्षक होते, त्या काळातलं त्यांचं 'मृत्युंजय' (१९६७) घ्या, त्यात सहा जण बोलतात. दोन्ही पुस्तकांवर माझा जीव आहे, वर्गात तासन्‌तास वाचून दाखवलीत. पण वरचं नाव झाकून मधलाच एक परिच्छेद वाचा आणि कोण बोलतंय ओळखा. मला दुर्योधन आणि कर्णाचा भाऊ शोण बऱ्याचदा ते काय सांगताहेत ह्यावरून ओळखू आले, कसं सांगताहेत ह्यावरून नाही. पुराणात ते खपून जातं, कारण तिथल्या कुणाचीच बोली आपण ऐकलेली नाही. गुऱ्हाळावर खपत नाही. तिथला आवाज ऐकलेली माणसं अजून जिवंत आहेत.

(हे सगळं आठवणीतून लिहितोय. २०१९ च्या पुरात माझं खालचं कपाट गेलं. शंकर पाटलांचे संग्रह वरच्या फळीवर होते म्हणून तेवढे वाचले.)

शंकर पाटलांचं नाव निघालंच आहे तर. पट्टणकोडोलीचा हा माणूस माडगूळकर आणि मिरासदार ह्यांच्याबरोबर गावोगाव कथाकथन करत फिरला. त्यांची पानं उघडून बघा, वाकडे करून लिहिलेले शब्द निवेदनात तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी सापडतील. पण वाक्याची चाल अस्सल गावची. पारावर बसलेला माणूस जिथं दम घेईल तिथंच वाक्य दम घेतं. समोर हजारभर माणसं बसवून गोष्ट सांगायची म्हटल्यावर फसवं वाक्य तोंडात टिकतच नाही, आणि ती सवय कागदावर उतरते. बोली शब्दात थोडी असते, चालीत जास्त.

तुमच्या उताऱ्यातलंच दाखवतो. "गुळव्या मिळंना" चं त्यांनी "मिळाला नाही" केलं. "मिळाला नाही" म्हणजे शोध संपला, निकाल लागला. "मिळंना" म्हणजे चार गावं हिंडून झालीत आणि अजून माणूस पाठवणं चालूच आहे. तसंच "गोळी धरंना". त्यात ती अजून वाटीत बघत बसलेली आहे. "गोळी झाली नाही" म्हटलं की ती उठली. एवढ्याशा "ना" मध्ये तुमच्या गोष्टीतला सगळा ताण आहे, आणि लाल पेनानं नेमका तोच पुसला. हा बदल मान्य करू नका, बाकी काहीही करा.

आता तुमची चूक. पहिल्या सात वाक्यांत सांगणारी बाई आहे हे कुठंच नाही. गावात गोष्ट ऐकताना सांगणारीचा आवाज कानात असतो, कपाळावरचं कुंकू समोर दिसतं. कागदावर यातलं काही नाही. दोन_ओळी म्हणतात तो जळगावचा वाचक बिचारा खरा आहे. "बसलो"च्या आधी एक बांगडी वाजवा. मग "बसलो" हा दोष राहणार नाही, उलट त्या बाईची ओळख होईल.

टिकटीवरला

मास्तर, साष्टांग. "मिळंना" आणि "मिळाला नाही" हे पन्नास वर्षं बोलून कधी लक्षात आलं नव्हतं.

चंदगडी

मास्तरांचं पटलं, पण सगळे "कोल्हापुरी, कोल्हापुरी" करताय ते कुठलं? आम्ही चंदगडचे. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला कोकण आणि गोवा. आमच्या बोलण्यात कानडीही आहे, कोकणीही आहे. कॉलेजला कोल्हापुरात आलो तेव्हा मेसमध्ये मला पहिला प्रश्न "कोकणातला काय रे?" जिल्हा एकच, हां.

टीव्हीवर कोल्हापुरी म्हणून जे चालतं ते म्हणजे दर वाक्याला नाद खुळा आणि मध्ये तांबडा-पांढरा. (टिकटीवरला, तुला नाही म्हणत. थोडं तुलाच म्हणतोय.) तसली बोली लिहिण्यापेक्षा प्रमाण परवडली. ती निदान कुणाची नक्कल करत नाही.

आणि लेखकानं आपल्याच बोलीत लिहावं अशी सक्तीही नको. आमच्या कोवाडचे रणजित देसाई बघा. १९५९ ला 'बारी' लिहिली, बेरडांवरची, जंगलातली. तीन वर्षांनी 'स्वामी', माधवराव पेशव्यांची, आणि तिची भाषा पार दरबारी. तो काही गाव विसरला नव्हता, राहायला तर कोवाडातच होता. विषयानं मागितली ती भाषा दिली.

काकवीच्या बाईला गुऱ्हाळाची भाषा पाहिजे हे बरोबर. पण ती करवीर तालुक्याचीच राहू दे. कागलची नको, आमची तर नकोच.

वाचनालयातली

मी एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. (ह्या धाग्यावर "करतो" म्हणायला पाहिजे ना? करतो.) करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं मोठं घराणं नव्हे, गावातलं दोन खोल्यांचं आहे. काउंटरवर बसून जे दिसतं तेवढं सांगतो.

बोलीतलं पुस्तक अवघड जातं ही तक्रार मला शहरातल्या वाचकांकडून कमी आणि गावातल्या वाचकांकडून जास्त ऐकायला मिळते! ज्यांची ती बोली, त्यांनाच ती छापलेली वाचायची सवय नाही. शाळेपासून पुस्तक म्हणजे "आहे, नाही, पाहिले, म्हणाले". स्वतःचं बोलणं छापलेलं दिसलं की अक्षर लावत बसतात.

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हा आमच्याकडं एकच प्रत, आणि मागायला रांग. धरणानं उठवलेली माणसं आणि मागं राहून रानटी झालेली म्हसरं, असा विषय. एक आजोबा घेऊन गेले, तीन दिवसांत परत. मला वाटलं जमलं नाही. तर म्हणाले, "डोळ्यांनी लागंना म्हणून नातीला वाचाय लावलं. तिला शब्द येईनात, ती आडली की मी पुढचा सांगायचो. पुस्तक न बघता." नात इंग्रजी माध्यमात सातवीला. दोघांनी मिळून पुस्तक वाचलं म्हणायचं, की एकानं वाचलं आणि दुसऱ्यानं ओळखलं?

बाकी विषयांतर: अजूनही आठवड्याला दोन ह्या हिशोबानं पुस्तकं नेणाऱ्या बायका बाबा कदमांची नेतात. कोल्हापुरातला हा सरकारी वकील. समीक्षक त्यांना विचारत नाहीत, पण शिलाई आमच्याकडं त्यांच्याच पुस्तकांची सगळ्यात आधी सुटते. त्यांची भाषा बोली नाही आणि जड प्रमाणही नाही. साक्षीदाराला कळेल अशी. त्यावर कुणी वेगळा धागा काढा.

दोन_ओळी

बाबा कदमांच्या धाग्याला मी पहिला. "साक्षीदाराला कळेल अशी" हे फार आवडलं.

मास्तर, "धरंना" बद्दल मी शरण आलो. पण एक शंका राहते. ही बाई गोष्ट सांगते आहे कुणाला? नारबा मनातल्या मनात बोलतो असं धरता येतं. हिच्यासमोर कुणी बसलंय का? गावातलीच बाई ऐकत असेल तर ती "वाटीत पाणी घेतलं, पाकाचा थेंब सोडला" हे सांगणारच नाही, कारण ऐकणारीला ते माहीत आहे. म्हणजे ती बाहेरच्याला सांगते आहे. आणि बाहेरच्याशी बोलताना आपण सगळेच भाषा जरा सावरून घेतो, पुण्यात काकवी घेत होत्या तशी. माझा आग्रह नाही, पण हे ठरलं की कुठला शब्द ठेवायचा ते आपोआप ठरेल.

निवृत्त_मास्तर

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. पुण्याहून आला म्हणून आम्ही कमी मानणार नाही.

काकवी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुमच्या सगळ्यांचं वाचून झाल्यावर गोष्ट छापून घेऊन गावाकडं गेले आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवली. हे आधीच करायला पाहिजे होतं.

आई पहिल्या पानावरच तटकली. म्हणाली, "हे असं का लिवलंस? लोक हसतील. नीट शाळंतल्यागत लिही की." मी म्हटलं, तू बोलतीस तसंच लिहिलंय. तर म्हणाली, "मी कुठं असं बोलतो?"

मी हसले नाही. हॉस्टेलवरच्या मुली आठवल्या. लाल पेन संपादकांच्या आधी आमच्याच घरात होतं. मी लिहिते आहे ती बोली बोलणाऱ्या बाईलाच ती छापलेली नको आहे, आणि तिच्या वतीनं मी इथं हट्ट करत बसले आहे. ह्याचं काय करायचं हे मला अजूनही कळलेलं नाही.

मग तिनं दुसरी चूक काढली, आणि ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. "थेंब सोडला आन्‌ बघत बसलीयास व्हय? बोटानं चाचपाय पायजे. डोळ्याला काय कळतंय." बरोबर आहे. आजोबा पाण्यात बोट घालून गोळी चिमटीत धरायचे, काईलीकडं तर बघायचेही नाहीत. मी लहानपणी लांब उभी राहून बघितलेलं लिहिलं होतं. सांगणारी गुळव्याची पोर, आणि हात मात्र लांब उभ्या राहिलेल्या नातीचे. बोलीचं सोडाच, इथं निवेदनच खोटं पडलं होतं.

दोन_ओळींच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच मिळालं. ती नव्या सुनेला सांगते आहे. सून शहरातली, पहिल्यांदाच गुऱ्हाळावर आलेली. म्हणून वाटी, पाणी, थेंब हे सांगावं लागतं. आणि सुनेसमोर कोण भाषा सावरत बसतंय? सावरलीच तर सून सावरेल. सुरुवात आता अशी:

"आबा गेला त्या साली गुळव्या मिळंना. काईल रटरटाय लागली तसं समद्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी बांगड्या वर सारल्या, पदर खोचला आन्‌ चुलवाणाजवळ जाऊन बसलो. वाटीत पाणी घेतलं, पाकाचा थेंब सोडला, बोटानं चाचपलं. गोळी धरंना. 'थांबा अजून' म्हटलो. कुणी हाललं नाही."

शेवटचं "न्हाई" मीच "नाही" केलं. मोठ्यानं वाचताना ते लिहिल्यासारखं वाटत होतं. "समद्यांनी" ठेवलंय, ते तोंडात बसतं. पुढच्या पानांवरचे असे बरेच शब्द सरळ केले, "मिळंना-धरंना" मात्र एकही हलवला नाही.

दोन_ओळी

पाठवताना सोबत दोन ओळींचं पत्र जोडा (नावाला जागतो). "करवीर भागात स्त्रिया स्वतःबद्दल बोलताना 'बसलो, म्हटलो' अशी रूपं वापरतात, ती हेतुपुरस्सर आहेत, कृपया तशीच ठेवावीत." एवढंच. रागाचा एक शब्द नको. संपादकांना विचारायची लाज वाटली नाही, तशी तुम्हाला सांगायची वाटू देऊ नका. आणि मुद्रितशोधकासाठी ती रूपं प्रतीवर पेन्सिलनं अधोरेखित करा, नाहीतर संपादकांनी सोडलेलं तो दुरुस्त करेल. हे अनुभवाचे बोल.

वाचनालयातली

अंक आला की आमच्याकडं एक प्रत घेतो. आईंना आधी दाखवा पण.

टिकटीवरला

सून काय म्हणाली ते पुढं आहे का गोष्टीत?

काकवी

आहे. एकच वाक्य बोलते, तेही "जाते" असं.

चंदगडी

एक राहिलं. संपादकांनी "काहील" केलंय, तू "काईल" लिहितेस. शब्दकोशात काहील आहे. आता काय ठेवणार?

काकवी

काईल.